मुलांच्या एआर खेळासाठी वस्तू निवडताना: कागद, पुठ्ठा, लाकूड आणि गोधडी

मी चित्रकार आहे, पुण्यात राहते, आणि गेली चार वर्षं मुलांसाठी एआरचे, म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटीचे खेळ बनवते. माझा मुख्य खेळ बारा पक्ष्यांचा आहे. कार्डावर पक्ष्याचं चित्र असतं. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की तोच पक्षी कार्डावर उभा राहतो, मान वळवतो, आवाज काढतो. भारद्वाजाचं ते खोल घुमणारं ‘हूप हूप’ ऐकून एका पाच वर्षांच्या मुलीने कार्ड उलटं करून मागे कोण बसलंय ते बघितलं होतं. तिच्यासारख्या मुलांसाठीच हा सगळा खटाटोप.

मला पालकांचे आणि शिक्षकांचे फोन येतात ते ‘कुठलं अॅप?’ हे विचारायला. ‘कुठला कागद?’ असं कुणीच विचारत नाही. मी पाहिलेले खेळ मात्र बहुतेक वेळा कागदापाशीच फसले. म्हणून इथे सॉफ्टवेअरबद्दल थोडंच लिहिते आणि मुलाच्या हातात जी वस्तू जाते तिच्याबद्दल सविस्तर.

चकाकी टाळा

पहिला संच मी ग्लॉस लॅमिनेशन करून घेतला होता. दुकानात कार्डं हातात घेतली तेव्हा रंग इतके खुलून आले होते की मला भरून आलं. एकदम चाळीस संच करून घेतले आणि ते घेऊन मुळशीकडच्या एका शाळेत गेले. वर्गात डोक्यावर दोन ट्यूबलाइट, एका बाजूला सताड उघडं दार. मुलं कार्ड धरायची आणि कॅमेऱ्याला पक्ष्याच्या जागी ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा दिसायचा. दयाळ उगवायचा, क्षणभर थांबायचा, नाहीसा व्हायचा. शेवटी एका मुलाने विचारलं, “ताई, तो आपल्याला घाबरतो का?” त्या दिवसापासून मी ग्लॉस बंद केलं.

कॅमेरा चित्रातल्या खुणा ओळखून कार्ड कुठे आहे आणि कसं कललंय ते ठरवतो. चकाकीचा डाग जिथे पडतो तिथल्या खुणा पुसल्या जातात. वर मुलाचा हात हलतो तसा तो डागही हलतो, त्यामुळे कॅमेरा आणखी गोंधळतो. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण नकळत मान कलती करून चकाकी चुकवतो. टेबलावर टेकवलेल्या मोबाइलला ते जमत नाही.

तेव्हा प्रिंटवाल्याला स्पष्ट सांगायचं: मॅट लॅमिनेशन, दोन्ही बाजूंनी. काही दुकानांत व्हेल्वेट लॅमिनेशनही मिळतं. ते हाताला मऊ लागतं आणि चकाकत नाही, पण त्यावर तेलकट बोटांचे ठसे लगेच उठतात. मला साधं मॅट बरं वाटतं. लॅमिनेशन करायचंच नसेल तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: लेझर प्रिंटरची शाई म्हणजे टोनर, आणि गडद काळ्या भागावर टोनरला स्वतःचीच चमक असते. माझ्या कावळ्याच्या कार्डावर हाच त्रास होता.

पारख अगदी सोपी आहे. नमुन्याचं कार्ड ट्यूबलाइटखाली धरा आणि सावकाश कलतं करा. त्यात ट्यूबचा आकार ओळखू आला तर तो कागद नको. नुसता फिकट उजेड पसरलेला दिसला तर चालेल. मी हे दुकानातच, काउंटरसमोर उभं राहून करते.

याच कारणाने स्टीलच्या डब्यांची झाकणं, काच, पारदर्शक अॅक्रिलिक आणि आरशासारखी कुठलीही वस्तू खेळातून वगळा. अॅक्रिलिकचे तुकडे दिसायला फार सुंदर असतात. मीही एकदा मोहात पडले होते.

जाडी आणि सपाटपणा

सॉफ्टवेअर कार्ड सपाट आहे असं धरूनच हिशोब करतं. कार्ड वाकलं की वरचा पक्षी थरथरतो, तिरका होतो, हवेत तरंगतो. झेरॉक्सचा नेहमीचा ७० किंवा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद मुलाच्या हातात दोन मिनिटांत पापडासारखा वळतो. घरच्या घरी एकदा करून बघायला तो ठीक आहे, पण तो पाटावर किंवा वहीवर चिकटवून.

मी ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड वापरते. हातात धरायचं कार्ड असेल तर तेवढं पुरतं. टेबलावर मांडायचं, सरकवायचं असेल तर मागे बाईंडिंगवाले वापरतात तो राखाडी पुठ्ठा लावते, दीड ते दोन मिलिमीटरचा. मग लहान मुलांनाही तो जमिनीवरून उचलता येतो. पातळ कार्ड फरशीला चिकटून बसतं आणि नखांनी उचकटताना मुलं रडकुंडीला येतात.

पावसाळ्याचा विचार आधीच करा, विशेषतः कोकणात असाल तर. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कार्ड ओलाव्यात हमखास वाकतं, कारण उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि लॅमिनेशनची बाजू तशीच राहते. म्हणून दोन्ही बाजूंनी करायचं. पुठ्ठ्यावर चिकटवताना फेविकॉल भरपूर ओतलात तर कागदाला सुरकुत्या पडतात. पातळ थर द्या, वर जाड पुस्तकं ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. मैद्याची खळ मला मनापासून आवडते, आमच्या घरी पतंग त्यानेच व्हायचे. पण पुठ्ठ्याच्या कार्डांना ती नको, कसर लागते.

कोपरे गोल कापून घ्या. कॉर्नर कटरची सोय बहुतेक छपाईवाल्यांकडे असते. टोकदार कोपरा डोळ्याला लागतो, आणि मऊ पडून आधी उकलतोही तोच.

चित्र: कॅमेऱ्याला रंग दिसत नाहीत असंच समजा

चित्र ओळखून चालणारी बहुतेक सॉफ्टवेअरं चित्राला आधी करड्या छटांमध्ये बदलतात आणि मग त्यात कोपरे शोधतात, म्हणजे गडद आणि फिकट जिथे अचानक भेटतात आणि रेघ वळते अशा जागा. रंग त्यांच्या हिशोबात नसतात. हे मला तांबट पक्ष्याने शिकवलं.

तांबट हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. मी त्याला वडाच्या हिरव्या पानांत बसवला होता आणि त्या चित्राचा मला अभिमान होता. कॅमेरा त्याला ओळखेना. मी मोबाइलमध्ये त्या कार्डाचा फोटो काढून कृष्णधवल केला आणि पक्षी गायब झाला. हिरवी पिसं, हिरवी पानं, लाल कपाळ, सगळं एकाच करड्या रंगाचं. नवीन चित्रात मी तीच फांदी ठेवली, पण सालीच्या भेगा गडद काढल्या, वडाची फळं वेगवेगळ्या आकारांची केली, पानांच्या शिरा पांढऱ्या रेघांनी उठवल्या आणि मागे फिकट आकाश सोडलं. आता तो संचातला सगळ्यात चटकन उगवणारा पक्षी आहे. वेडा राघूही हिरवाच. त्याला मी विजेच्या तारेवर बसवला आणि मागे कौलारू छप्पर दिलं. कौलं मुद्दाम फुटकी, वेडीवाकडी काढली.

वेडीवाकडी का, तर एकसारखं परत परत येणारं नक्षीकाम कॅमेऱ्याला चकवतं. एक कौल दुसऱ्यासारखंच असेल तर आपण कुठल्या कौलाकडे बघतोय हे त्याला कळत नाही. पैठणीच्या काठासारखी ओळीने येणारी नक्षी म्हणून कामाची नाही. ठिपक्यांच्या रांगोळीची अडचण वेगळी: ती चारी बाजूंनी सारखी, त्यामुळे कार्डाचं वरचं टोक कुठलं हे ठरत नाही. वारलीचं तसं नाही. गेरूवर पांढऱ्या रेघा, टोकदार त्रिकोण, मधेच झाड, मधेच कोंबडी. उठाव चांगला आणि कोपरे भरपूर. फक्त तारपा नाचातली सारखी माणसं पूर्ण कार्डभर नकोत.

सावंतवाडीच्या गंजिफांवर एआर करावं असं माझ्या मनात फार दिवस होतं. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. मी हाताने रंगवलेला संच समोर ठेवून करून पाहिलं. राजाच्या पत्त्यावर अवताराचं चित्र असतं, ते बरं चालतं. पण नुसत्या चिन्हांचे पत्ते एकमेकांसारखे, आकार गोल आणि वर लाखेची चमक. असा खेळ करायचाच असेल तर मूळ पत्त्यांना हात न लावता त्यांच्यावरून मॅट कागदावर नवीन चौकोनी कार्डं काढावीत, असं माझं मत झालं. मूळ पत्ता तळहातावर घेऊन बघायची वस्तू आहे, तो मोबाइलसमोर नाचवायला नको.

छापण्याआधीच चित्र तपासता येतं. मी माइंडएआर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे शाळेत अॅप डाउनलोड करत बसावं लागत नाही. त्यात चित्र टाकलं की सापडलेल्या खुणा ठिपक्यांनी दिसतात. ठिपके कार्डभर विखुरलेले हवेत. सगळे एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर उरलेल्या जागेत गवत, दगड, वाळकी पानं, काहीतरी खरबरीत काढा. सुगरणीच्या घरट्याच्या विणीत ठिपके इतके दाटतात की मला त्या पक्ष्याचं कौतुक दुसऱ्यांदा वाटलं.

आकार केवढा

साधारण नियम असा: वस्तूच्या रुंदीच्या दहापटीपर्यंत कॅमेरा तिला ओळखतो. नऊ सेंटिमीटरचं कार्ड नव्वद सेंटिमीटरवरून, तीन सेंटिमीटरची सोंगटी तीस सेंटिमीटरवरून. आणि पहिल्यांदा ओळख पटायला चित्राने पडद्याचा निदान पाव भाग भरलेला बरा. मुलाने एका हातात कार्ड आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला तर दोन्हींमध्ये फूट-सव्वा फूट अंतर राहतं. त्यासाठी नऊ ते दहा सेंटिमीटरचं कार्ड छान बसतं आणि मुलाच्या मुठीतही मावतं.

पण सहा वर्षांच्या आतल्या मुलांना हे दोन्ही एकदम धरायला लावू नका. मोबाइल जड, अंगठा नेमका कॅमेऱ्यावर, आणि सगळं लक्ष तो पडू नये यात. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवा किंवा स्टँडवर लावा, आणि मुलाचे दोन्ही हात वस्तूंसाठी मोकळे सोडा. ओस्मो नावाच्या खेळात टॅब्लेट स्टँडवर उभा असतो, कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवून त्याला टेबलाकडे बघायला लावतात, आणि मुलं समोर लाकडी टॅनग्रामचे तुकडे जुळवतात. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते.

काळी चौकट की चित्र

जाड काळ्या चौकटीच्या खुणा तुम्ही पाहिल्या असतील. १९९९ साली हिरोकाझू काटो यांनी एआरटूलकिट हे एआरचं सॉफ्टवेअर तयार केलं तेव्हापासून त्या सर्रास वापरात आहेत. साध्या मोबाइलवरही त्या झटकन ओळखल्या जातात. पण चौकटीवर मुलाचं बोट आलं की खूण गेली. म्हणून टेबलावर ठेवायच्या सोंगट्यांना चौकट आणि हातात धरायच्या कार्डाला चित्र, अशी माझी वाटणी आहे. चित्राचा एखादा कोपरा अंगठ्याखाली गेला तरी उरलेल्या खुणांवर काम भागतं. चौकटीभोवती पांढरी किनार सोडायला विसरू नका, नाहीतर गडद टेबलावर चौकट टेबलातच मिसळते.

लाकूड, एमडीएफ, फोम

ठोकळ्यांसाठी पाच ते सहा सेंटिमीटरचा घन चांगला. मुलाने तो कसाही फिरवला तरी बहुतेक वेळा दोन-तीन बाजू कॅमेऱ्याला दिसतात. एक लपली तर दुसरी असते, म्हणून सहाही बाजूंची चित्रं वेगळी हवीत. मर्ज क्यूब हा फोमचा ठोकळाही असाच, सहा बाजूंना सहा वेगळ्या नक्ष्या. चित्र कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत ठेवा, कारण कडा घासून गोल करायच्याच आहेत.

लेझरने कोरलेलं एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, सध्या सगळीकडे मिळतं. कोरीव भाग तपकिरी, पाटी फिकट तपकिरी, त्यामुळे उठाव कमी पडतो. कोरलेल्या भागात काळा रंग भरून घेतला की फरक लगेच दिसतो. कापलेल्या कडांची काजळी मुलांच्या हाताला आणि मग शर्टाला लागते, म्हणून कडा पॉलिशपेपरने घासून ओल्या फडक्याने पुसा. पाणी लागलं तर एमडीएफ फुगतं. बालवाडीसाठी मी फोमचे ठोकळे घेते, कारण ते फेकले जाणार हे गृहीत धरलेलं बरं. चावे घेणाऱ्या वयाच्या मुलांना मात्र फोम नको, तुकडा तुटून तोंडात जातो.

रंगावरून तुकडे ओळखणारा खेळ असेल तर लाल आणि नारिंगी एकत्र ठेवू नका. घरातल्या पिवळ्या बल्बखाली ते एक होतात, तसेच पांढरा आणि फिकट पिवळाही. तपकिरी, बदामी, गुलाबी हे मुलांच्या हाताच्या रंगाजवळ जाणारे रंगही टाळा.

जमिनीवर काय अंथरायचं

काही खेळांना कार्ड लागतच नाही. कॅमेरा जमीन ओळखतो आणि तिच्यावर हत्ती उभा करतो. पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर हे खेळ अडतात, कारण तिथे धरून राहायला एकही खूण नसते. पालक म्हणतात मोबाइल खराब आहे. मी म्हणते गोधडी अंथरा.

ठिगळांची गोधडी ही या कामासाठी मला सापडलेली सगळ्यात चांगली वस्तू. एका जागी फुलांचं कापड, शेजारी चौकडा, मधे जुन्या धोतराचा तुकडा, त्यावरून हाताने घातलेले धावदोरे. कुठलीच जागा दुसरीसारखी नाही आणि चमक शून्य. माझ्या आजीच्या गोधडीवर हत्ती जागचा हलत नाही. अंथरताना ती नीट ताणा, चुण्या राहू देऊ नका.

सुरक्षेचं

तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल, मग खेळ मोठ्या भावंडाचा का असेना, प्रत्येक तुकडा तपासा. लहान तुकड्यांसाठीच्या प्रमाणित नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. घरी सव्वातीन सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी करा. जो तुकडा तिच्यात पूर्ण जाईल तो त्या घरात नको. छोटे ताकदवान लोहचुंबक कुठल्याच वयाच्या खेळात घालू नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आवाजाचे तुकडे करायचे असतील तर बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं.

संच खेळणी म्हणून विकायचा असेल तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि भौतिक सुरक्षेचं मानक आयएस ९८७३ आहे. रंग, गोंद, लाकूड विकत घेण्याआधी ते वाचा. मी आधी सामान आणलं आणि मग वाचलं, आणि एक डबा रंग बाजूला ठेवावा लागला.

आधी एकच कार्ड

पूर्ण संच छापण्याआधी एक कार्ड, शेवटी जसं हवं अगदी तसंच, त्याच कागदावर आणि त्याच लॅमिनेशनने करून घ्या. घरातला सगळ्यात जुना मोबाइल घ्या, काच तडकलेला असला तरी उत्तम, कारण मुलांच्या हातात तोच येतो. खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली, पिवळ्या बल्बखाली, अंगणात आणि मुलाची स्वतःचीच सावली कार्डावर पडेल अशा जागी दहा-दहा वेळा करून बघा आणि वहीत लिहा. दहापैकी निदान आठ वेळा पक्षी आला तरच मी ते कार्ड पुढे जाऊ देते.

मग ते कार्ड आठवडाभर एखाद्या मुलाला देऊन टाका, काही न सांगता. मी माझ्या भाचीला दिलं होतं. परत आलं तेव्हा उजवा खालचा कोपरा मऊ पडला होता आणि त्यावर हळदीचा अंगठा उमटला होता. पुसून निघाला नाही. ती कार्ड नेहमी तिथेच धरायची. माझ्या चित्रातल्या सगळ्यात दाट खुणा, कावळ्याची चोच आणि त्याने उचललेली काडी, नेमक्या त्याच अंगठ्याखाली होत्या. कावळा मी डावीकडे वळवून पुन्हा काढला, आणि बाकीच्या अकरा पक्ष्यांचाही उजवा खालचा कोपरा बोटासाठी मोकळा सोडला.